भटकंती : चादरीतली नदी, दुष्काळातली बाग

दिवाळीच्या आगेमागे गावोगावच्या मंगल कार्यालयांवर 'राजस्थानी सेल'चे कापडी फलक झळकू लागतात. आत शिरलं की कोऱ्या कापडाचा वास, भिंतीलगत रचलेल्या रजयांचे ढीग आणि मधोमध उलगडून टाकलेल्या चादरी. पांढऱ्या जमिनीवर लाल-निळी नाजूक फुलं, काठाला वेलबुट्टी. गृहिणी चादरीचा कोपरा अंगठ्याने चोळून बघतात आणि हमखास विचारतात, "रंग जाणार नाही ना हो?" विक्रेत्याचं उत्तरही ठरलेलं असतं : "सांगानेरी आहे ताई, बिनघोर न्या!"

अशी एखादी चादर ज्याच्या घरात कधीच आली नाही असं मराठी घर शोधावंच लागेल. पण ज्या पाण्याच्या जोरावर त्या रंगाचं नाव झालं, त्या नदीचं नाव विचारलं तर?

सांगानेर हे जयपूरच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवरचं छिप्यांचं गाव. छिपा म्हणजे लाकडी ठशांनी कापडावर नक्षी उमटवणारा कारागीर. ठशाने छापलेलं कापड धुवायला वाहतं पाणी लागतं आणि वाळत घालायला मोकळी, कोरडी जागा. सांगानेरच्या नदीने दोन्ही दिलं. पाणीही दिलं आणि पात्रातली वाळूही. नदीकाठी मैलभर पसरलेल्या रंगीत कापडांचे जुने फोटो अनेक पुस्तकांतून छापले गेले आहेत. सांगानेरी ठसेकामाला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तोवर नदीची रया मात्र पार गेली होती.

या नदीचं नाव द्रव्यवती. जयपूरच्या रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं तर तो क्षणभर विचारात पडण्याची शक्यता आहे. 'अमानीशाहचा नाला' म्हणा, लगेच गाडी वळवेल!

जयपूरला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी आमेर आणि जलमहाल, दुसऱ्या दिवशी हवामहाल, जंतरमंतर, सिटी पॅलेस, संध्याकाळी जोहरी बाजार आणि रात्री चोखी ढाणीचं जेवण. तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. या धावपळीत शहराला एक नदी आहे हे कळायला जागाच नाही. तेव्हा कार्यक्रमातला अर्धा दिवस वाचवावा आणि गाडी सोडून पायी निघावं. वाट सोपी आहे. आधी नदी, मग बनी पार्क नावाच्या उपनगरातल्या शांत गल्ल्या, तिथून मिर्झा इस्माईल रोडने थेट रामनिवास बाग. सगळं मिळून सात-आठ किलोमीटर भरतं. बरोबर म्हातारी माणसं असतील तर मधला मोठ्या रस्त्याचा तुकडा ई-रिक्षाने ओलांडावा. तिथे पायी चालण्यात फारसं पुण्य नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. सकाळी कानटोपी हवीच. जयपूरची थंडी मुंबईकरांना पहिल्या दिवशी गंमत वाटते, दुसऱ्या दिवशी घसा धरतो.

सुरुवात रेल्वे स्टेशनच्या पश्चिमेला हसनपुऱ्याच्या बाजूने करावी. बनी पार्कपासून हा भाग दोन-अडीच किलोमीटरवर आहे. इथे नदी दिसते. आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, ही नदी की कालवा?

द्रव्यवती उगम पावते नाहरगडच्या डोंगररांगेत. तिथून ती शहराच्या पश्चिम अंगाने दक्षिणेकडे उतरते, सांगानेर गाठते आणि पुढे ढूंढ नदीला मिळते. लांबी साधारण ४७ किलोमीटर. बारमाही अशी ती कधीच नव्हती. पावसाळ्यात धावायची, उन्हाळ्यात वाळूखाली दडायची. राजस्थानात अशा नदीला नाला म्हणण्यात अपमान नव्हता. वरच्या अंगाला, शास्त्रीनगरच्या बाजूला अमानीशाह या पिराचा दर्गा आहे, त्यावरून 'अमानीशाहचा नाला'. अपमान झाला तो नंतर, शहराने त्या शब्दाचा दुसरा अर्थ खरा करून दाखवला तेव्हा.

जयपूरला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं ते याच नाल्यातून. १८७०च्या दशकात महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत नाल्याचं पाणी वाफेच्या पंपांनी उपसून लोखंडी नळांतून शहरात आणलं गेलं. हिंदुस्थानातल्या भल्याभल्या शहरांत तेव्हा आड आणि पखालींवर भागत होतं. त्याच सुमारास जयपूरच्या रस्त्यांवर गॅसचे दिवेही लागले. रामसिंहांना नव्याची भारी हौस होती. ते स्वतः उत्तम फोटोग्राफर होते. कॅमेऱ्यासमोर बसणारे राजे पुष्कळ झाले, कॅमेऱ्यामागे उभा राहणारा विरळाच!

पण शहर वाढलं आणि नाल्याचं पाणी पुरेना. मग १९०३ साली बाणगंगा नदीवर रामगढचं धरण पुरं झालं आणि पुढे जयपूरची तहान तिथून भागू लागली. हा तलाव किती मोठा? १९८२ सालच्या दिल्ली एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती रामगढच्या तलावावर झाल्या, यावरून अंदाज यावा. त्यानंतर वीस वर्षांच्या आत तो तलाव कोरडा पडू लागला. धरणाकडे येणारे ओढे-ओहोळ वाटेतच अडले, पाणलोटात बांधकामं आणि शेतं उभी राहिली. २००९ पासून जयपूरला पाणी येतं ते शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून. हे वाचताना लातूरच्या वाचकांना २०१६ साली मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवली तर नवल नाही.

ज्या नदीचं पाणी प्यायचं सोडलं, तिच्यात घाण सोडायला माणसाला फार वेळ लागत नाही. अमानीशाहच्या नाल्याचं तेच झालं. शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, सांगानेरच्या रासायनिक रंगांचं पाणी, सगळं त्यात. पात्रात घरं झाली, गोदामं झाली. जुलै १९८१ मध्ये जयपूरवर असा पाऊस कोसळला की शहरात हाहाकार उडाला, आणि नाल्यानेही आपली मूळ रुंदी काय होती ते सगळ्यांना दाखवून दिलं. काही वर्षांत लोक ते विसरले. पात्र पुन्हा आक्रसलं.

२०१६ साली नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम सुरू झालं. जवळपास सतराशे कोटी रुपयांची ही योजना. सांडपाणी शुद्ध करणारे पाच प्रकल्प, दोन्ही काठांना चालायची वाट, झाडं, तीन बागा. ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि कागदोपत्री 'नाला' पुन्हा 'नदी' झाला. आज हसनपुऱ्याच्या बाजूने पाहिलं तर सरळ रेषेत बांधून काढलेले काठ, पायऱ्या-पायऱ्यांचे छोटे बांध आणि त्यांवरून घसरणारं पाणी दिसतं. काही सकाळी ते बऱ्यापैकी स्वच्छ असतं, काही सकाळी नाक दाबावं लागतं. देखभालीच्या पैशांवरून विकास प्राधिकरण आणि कंत्राटदार यांच्यातला वाद बराच काळ चालला, आणि त्याचा वास काठावर फिरायला येणाऱ्यांना घ्यावा लागला.

दोष एवढाच असता तर पैसे देऊन भागलं असतं. खरी मेख पायाखाली आहे. नदीचा तळ आणि काठ बांधून काढले की पाणी वाहतं नीटनेटकं, पण जमिनीत मुरत नाही. वाळूची नदी उन्हाळ्यात कोरडी दिसली तरी खालच्या वाळूत पाणी साठवून ठेवायची, काठच्या विहिरी त्यावर जगायच्या. जयपूरचं भूजल आज इतकं खाली गेलं आहे की शहराला मुरणाऱ्या प्रत्येक थेंबाची गरज आहे. अर्थात वर्षानुवर्षं कचऱ्याच्या ढिगाशेजारी राहिलेल्या काठच्या रहिवाशाला हे सांगायला जावं तर तो म्हणेल, "साहेब, आधी इथे डुकरं लोळायची. आता पोरं सायकल चालवतात." त्याचंही खोटं नाही. अहमदाबादच्या साबरमतीवर हा वाद होऊन गेला, पुण्यात मुळा-मुठेच्या काठावर तो गेली काही वर्षं पेटलेला आहे. पुणेकरांनी जयपूरला गेल्यावर हवामहालाइतकाच वेळ या काठावर घालवला तर फुकट जाणार नाही.

बगळे आणि लांब तांबड्या पायांचे शेकाटे यांना या वादाचं सोयरसुतक नाही. उथळ पाण्यात त्यांची न्याहारी चाललेली असते. माणसांच्या न्याहारीसाठी मात्र स्टेशन रोड गाठावा लागतो. पोलो व्हिक्टरीजवळ 'रावत'ची कांद्याची कचोरी आहे. जयपूरकर तिला 'प्याज की कचोरी' म्हणतात. बाहेरून खुसखुशीत, आत बटाटा-कांद्याचं गरम, मसालेदार सारण. एक खाल्ली की पुरे वाटतं आणि दुसरी मागवली जाते.

कचोरी हातावेगळी करून उत्तरेला वळलं की पाच-दहा मिनिटांत गोंगाट मागे पडतो. हे बनी पार्क. 'बनी' म्हणजे राजस्थानी बोलीत छोटं रान, आपल्याकडे 'राई' म्हणतात तसं. तटबंदीच्या आतलं जुनं जयपूर चौकोनी आखणीचं, दाट, दुकानांनी गजबजलेलं. पश्चिमेच्या चांदपोल दरवाजाबाहेर त्या काळी रानच होतं. नंतर तिथे रुंद रस्ते आखले गेले, संस्थानच्या ठाकुरांनी, अधिकाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी आवार सोडून बंगले बांधले. पुढे सज्जा, वर छत्री, आत चौक, भोवती कडुनिंब. संस्थानं गेली, जहागिऱ्या गेल्या, आणि एवढ्या मोठ्या वास्तू सांभाळायच्या कशा हा प्रश्न उभा राहिला. बऱ्याच कुटुंबांनी त्याचं उत्तर शोधलं ते घराचं हॉटेल करून. शाहपुरा हाऊस हे त्यातलं ठळक नाव. आज बनी पार्कमध्ये अशी पाच-सहा तरी वाडा-हॉटेलं सहज दिसतात. काहींची मालक मंडळी अजून त्याच आवारात राहतात. कोकणातल्या जुन्या घरात खोल्या भाड्याने देणाऱ्या कुटुंबांना ही युक्ती नवी नाही. फक्त इथे भिंतीवर फणसाच्या फळ्यांऐवजी आरशांचं आणि सोनेरी नक्षीचं काम असतं.

बनी पार्कच्या गल्ल्यांची नावं वाचत जावं. मीरा मार्ग, कबीर मार्ग, बिहारी मार्ग. मीरा आणि कबीर ओळखीचे. पण हा बिहारी कोण? 'सतसई'चा कर्ता, सतराव्या शतकातला व्रजभाषेतला मोठा कवी. आणि तो ज्यांच्या दरबारी होता ते राजे म्हणजे आमेरचे मिर्झाराजे जयसिंह! १६६५ साली पुरंदरचा तह करून शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारे तेच हे मिर्झाराजे. शाळेच्या इतिहासात आपण त्यांना दिलेरखानाबरोबर पुरंदरच्या पायथ्याशी सोडून देतो. दक्षिणेतून परतताना १६६७ साली बुऱ्हाणपुरात त्यांचा अंत झाला, आमेर काही पुन्हा दिसलं नाही. या मिर्झाराजांची आणखी एक आठवण वाटेच्या शेवटी भेटणार आहे.

त्यांचे खापरपणतू सवाई जयसिंह दुसरे. त्यांनी १७२७ साली जयपूर वसवलं. त्यांच्याभोवती मराठी माणसं बरीच होती. त्यांचे गुरू रत्नाकर पौंडरीक महाराष्ट्रीय. युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हेही महाराष्ट्रीयच. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या तेव्हा जयसिंहांनी त्यांचं मोठ्या इतमामाने आगतस्वागत केलं. हा स्नेह पुढच्या पिढीत टिकला नाही. होळकर-शिंद्यांच्या खंडणीच्या तगाद्याने जयपूर पिचलं आणि जानेवारी १७५१ मध्ये शहरात शिरलेल्या मराठ्यांची भीषण कत्तल झाली. मैत्री आणि कत्तल यांत पंधरा-सोळा वर्षांचं अंतर! बनी पार्कच्या शांत गल्लीत कडुनिंबाखालून चालताना हे खरं वाटत नाही.

कलेक्टोरेट सर्कलहून खासा कोठीकडे आलं की मिर्झा इस्माईल रोड सुरू होतो. सगळे त्याला एम.आय. रोड म्हणतात आणि हा एम.आय. कोण ते बहुतेकांना ठाऊक नसतं. सर मिर्झा इस्माईल हे आधी म्हैसूरचे दिवाण. कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी असलेली वृंदावन गार्डन्स, जिथल्या रंगीत कारंज्यांपुढे उभं राहून निम्म्या महाराष्ट्राने मधुचंद्राचे फोटो काढले, ती त्यांच्याच कल्पनेतून झाली. १९४२ साली ते जयपूरचे दिवाण झाले. चार वर्षांत त्यांनी तटाबाहेरच्या शहराचा चेहरा बदलला. रुंद रस्ते आले, नव्या वसाहती आल्या.

हा रस्ता आता वाहनांनी ओसंडतो. चालायला फूटपाथ आहे, पण त्यावर मोटारसायकलीही आहेत. इथेच रिक्षा करायला हरकत नाही. उतरायचं मात्र पाच बत्तीला. कोपऱ्यापलीकडे राजमंदिर सिनेमा आहे. १ जून १९७६ रोजी 'चरस' या चित्रपटाने त्याचा पडदा उघडला. आतली छतं, झुंबरं, वळणदार जिने बघायला लोक चित्रपट कुठला चालू आहे हे न विचारता तिकीट काढतात. समोरच्या बाजूला मातीच्या कुल्हडमधली लस्सी मिळते. ओळीने तीन-चार दुकानं आहेत आणि प्रत्येकाच्या पाटीवर तोच खरा जुना लस्सीवाला असल्याचा दावा आहे. यात न पडता जिथे रांग मोठी तिथे उभं राहावं.

अजमेरी दरवाजा ओलांडून थोडं पुढे गेलं की रामनिवास बागेचा कठडा दिसू लागतो.

सत्तरेक एकरांची ही बाग. हिरवळ, वडा-पिंपळाची झाडं, गुलाबाचे ताटवे. मधोमध अल्बर्ट हॉल, समोर कबुतरांचे थवे. सुट्टीच्या दिवशी फुगेवाले, फोटोवाले. कोणालाही वाटावं, राजाला हौस आली आणि त्याने बाग केली. पण सालाकडे पाहावं. १८६८. त्या वर्षी राजपुतान्यात पावसाने दगा दिला. धान्य नाही, चारा नाही. माणसं गुरं घेऊन माळव्याकडे निघाली, वाटेत गुरं पडली, मागोमाग माणसं. १८६८-६९चा हा दुष्काळ राजस्थानच्या मोठ्या दुष्काळांत मोजला जातो. संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा कुप्रसिद्ध 'छप्पनिया' त्याच्या नंतरचा. अशा वेळी महाराजा रामसिंहांनी लोकांच्या हाताला काम म्हणून ही बाग करायला घेतली. तिची आखणी केली डॉ. डी फॅबेक या फौजेतल्या सर्जनने.

आपल्याकडे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाला 'दुष्काळी काम' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेले हात अजून आहेत. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची कामं आणि दुपारी वाटली जाणारी सुकडी. रोजगार हमी योजना त्या अनुभवातूनच उभी राहिली. फरक एवढाच की बहात्तरच्या कामांतून तलाव आणि रस्ते झाले, पाण्यासाठी वणवणणाऱ्या माणसांच्या हातून जयपुरात झाली ती फुलबाग! आज हे विचित्र वाटतं. दुष्काळात हिरवळ? पण संस्थानी राज्यांत ही रीतच होती. पुण्याचा आगाखान पॅलेस १८९२ साली बांधला गेला तोही आसपासच्या दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून, असं सांगितलं जातं. जोधपूरच्या उमेदभवनाचं काम १९२९ साली सुरू झालं, त्यामागेही दुष्काळ होता. आज तिथे एका रात्रीच्या खोलीचं भाडं ऐकून सामान्य माणसाला घेरी येते. टोपल्या उचलणाऱ्यांची नावं यांतल्या एकाही वास्तूच्या पाटीवर नाहीत.

एक मात्र मानावं लागेल. रामनिवास बाग राजवाड्याच्या भिंतीआड गेली नाही. ती पहिल्यापासून रयतेसाठी होती. शहरातल्या माणसाला विनाकारण बसायला एवढी मोठी हिरवी जागा त्या काळी क्वचित कुठल्या संस्थानाने दिली असेल. दीडशेहून अधिक वर्षं ती तशीच वापरली जाते आहे. सकाळी दहाच्या सुमारास बाकांवर पेन्शनर मंडळी वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन वाचत असतात. गावाकडून इस्पितळात आलेल्या पेशंटचे नातेवाईक झाडाखाली चादर पसरून भाकरी सोडतात. रस्त्याच्या पलीकडेच सवाई मानसिंह इस्पितळ आहे, त्यामुळे बागेच्या एका कडेला नेहमीच थोडी काळजी बसलेली असते.

बागेचा लचका तोडायचा मोह मात्र प्रत्येक पिढीला झाला. आधी प्राणिसंग्रहालय आलं, १८७७ साली. मुलांना ते आवडलं, त्यामुळे तक्रार नाही. वाघ-सिंहांना २०१६ मध्ये नाहरगडच्या जैविक उद्यानात मोकळी जागा मिळाली हे बरंच झालं. मग रवींद्र मंच हे नाट्यगृह आलं. जमिनीखाली वाहनतळ झाला. २०१८ मध्ये मसाला चौक उघडला. जुन्या शहरातले नामांकित खाद्यपदार्थवाले एका आवारात आणून बसवले आहेत. एकेक गोष्ट पाहिली तर गैर काहीच नाही. चाट चांगली मिळते, गाडी लावायची सोय होते. पण बाग ही रिकामी जागा आहे आणि रिकाम्या जागेचा काहीतरी उपयोग करायला हवा, असं एकदा वाटू लागलं की झाडांनी काय करायचं? पुण्याचं एम्प्रेस गार्डन असो की मुंबईची राणीची बाग, अशा बागांचे जुने नियमित फिरणारे दर दोन-चार वर्षांनी निवेदन घेऊन का उभे राहतात, ते इथे उभं राहिलं की कळतं.

अल्बर्ट हॉलची पायाभरणी ६ फेब्रुवारी १८७६ रोजी इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड यांच्या हस्ते झाली. याच भेटीसाठी जयपूर शहराला तो प्रसिद्ध गुलाबी रंग दिला गेला. इमारत उभारली सॅम्युअल स्विंटन जेकब या इंजिनिअरने. नाव इंग्रजी, पण कमानी, जाळ्या, छत्र्या सगळं इथल्या कारागिरांच्या हातचं. इथे काय करायचं हे बराच काळ ठरत नव्हतं. शेवटी १८८७ साली संग्रहालय खुलं झालं.

मुलांना इथलं मुख्य आकर्षण म्हणजे इजिप्तची ममी. तुतू नावाच्या स्त्रीची ही ममी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. नाइलकाठच्या कोरड्या वाळूत ती टिकली, तिथून राजस्थानच्या कोरड्या हवेत आली, इथेही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली. तिला धोका झाला तो पाण्याचा! १४ ऑगस्ट २०२० रोजी जयपुरात मुसळधार पाऊस झाला आणि संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरलं. फायली भिजल्या, कलावस्तू भिजल्या. पाणी चढताना पाहून कर्मचाऱ्यांनी ममीच्या पेटीची काच फोडली आणि तिला उचलून वर नेलं. पुढचे कित्येक दिवस शे-सव्वाशे वर्षांची कागदपत्रं उन्हात वाळत घातलेली होती. पाऊस पडला नाही म्हणून जिथे बाग करावी लागली, त्याच बागेत पावसाने हे करून दाखवलं. तटाबाहेरची सगळी जमीन काँक्रीटने झाकली की वरचं पाणी जाणार कुठे?

ममी पाहून बहुतेक सहली बाहेर पडतात. तिथेच चूक होते. याच संग्रहालयात एक गालिचा आहे, त्याच्यासमोर जाऊन उभं राहावं. इराणमधल्या किरमानच्या परंपरेतला, सुमारे साडेआठ मीटर लांब. आमेरच्या कोठारात त्याची नोंद झाली ती १६३२ साली, म्हणजे मिर्झाराजे जयसिंहांच्या कारकिर्दीत. हीच ती त्यांची राहिलेली आठवण. पुरंदरचा तह व्हायला तेव्हा आणखी तेहेतीस वर्षं होती. आमेरचा गड, डोंगर, ऊन आणि आत जमिनीवर अंथरलेली ही लोकरीची बाग.

कारण गालिच्यावर बागच आहे. पक्ष्याने वरून पाहावी तशी. आडवे-उभे पाण्याचे पाट, मध्ये घुमटाचा मंडप, दोन्ही अंगांना सुरूची आणि फुलांची झाडं, फांद्यांवर पक्षी. विणकराने पाण्यावर बारीक लाटा काढल्या आहेत आणि लाटांत बदकं आणि मासे सोडले आहेत. रंग चारशे वर्षांत मवाळ झाले असले तरी पाट कुठेही अडलेले नाहीत. लहान मुलांना मासे मोजायला बसवावं. दरवेळी वेगळा आकडा येतो, भांडणं होतात, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. तेवढ्यात सकाळपासून चाललेल्या मोठ्यांच्या पायांना जरा विसावा मिळतो.